आराखडा क्रमांक एकोणचाळीस

माझं काम सोपं आहे.
टोरंटोत, अठराव्या मजल्यावर बसून
कंपनी कशी आहे ते कागदावर काढायचं.
चौकोन म्हणजे कंपनी, रेघ म्हणजे मालकी.
तुटक रेघ म्हणजे मालकी आहे, पण विचारू नका.

पहिल्या आराखड्यात एकच चौकोन होता.
फाइलीत अजून आहे तो, शाईचा, जरासा तिरपा :
टॅमरॅक टेलिफोन, मुक्काम हार्यू खाडी,
सुपीरियर सरोवराचा उत्तर काठ.
बटाट्याच्या कोठाराला चिकटून एक खोली,
खोलीत स्टोव्ह, स्विचबोर्ड आणि आइली नुर्मेला.
अकरा घरं एकाच तारेवर,
प्रत्येक घराची घंटा निराळी.
लेहतोंची दोन लांब, एक आखूड.
वाजायची मात्र अकराही घरांत
आणि उचलायचे सगळेच, श्वास रोखून.
बातम्यांचं खातं तेव्हा वेगळं नव्हतं.

मग खांब निघाले बर्फातून,
एकमेकांचा हात न सोडता, पश्चिमेकडे.
शेजारची कंपनी विकत घेतली, तिच्या शेजारची गिळली;
आमच्याकडे दोन्हीला विलीनीकरण म्हणतात.
टेकडीवर अँटेना उभी राहिली.
खाणकामगारांच्या घरांत
पहिल्यांदा माणसं दिसली, जरा हिमवर्षावातली,
मग केबल आली आणि तो हिमवर्षाव थांबला.
वर्तमानपत्रं घेतली एकोणीस. उरली चार.
चौघांचा अग्रलेख एकच, मथळे तेवढे वेगळे.
हॉकीचा संघ कुठल्या चौकोनात बसवायचा
यावर वकिलांचे सहा महिने गेले,
तोवर संघ हरायला लागला होता.
चित्रपटांचा स्टुडिओ. मोबाइलचे मनोरे.
एक चौकोन असाही, ज्यात फक्त एक टपालपेटी आहे
आणि ती बार्बाडोसला आहे.

मी आलो तेव्हा बावीस चौकोन होते.
आता एकशे बारा. कागद टेबलावर मावत नाही,
मी जमिनीवर, बूट काढून, गुडघ्यांवर बसून काढतो.

फेब्रुवारीत एक पत्र आलं. पाकिटावर
'कंपनीची रचना ज्याला ठाऊक आहे त्यास.'
टपालखात्यातल्या पोराने ते हसत माझ्याकडे आणलं.

आत निळ्या शाईत, सरळ ओळींत :
मी इर्या लेहतो, वय चौऱ्याऐंशी, हार्यू खाडी.
माझा नवरा तोइवो तुमचे खांब तेहतीस वर्षं चढला.
एकवीस दिवस माझा फोन बंद आहे.
तक्रार फोनवरच करा म्हणतात.
मला मालकाशी बोलायचं आहे.

त्या संध्याकाळी मी बोट ठेवलं खाडीवर
आणि वर सरकवत गेलो.
तांब्याची तार एका कंत्राटदार कंपनीकडे,
ती 'टॅमरॅक उत्तर' हिच्या पोटात,
ती 'टॅमरॅक समूह' हिच्या, समूह एका न्यासाच्या,
न्यासातून तुटक रेघ टपालपेटीकडे,
टपालपेटीतून परत समूहाकडे.
दोनदा फिरलो. बाहेर हिवाळा,
सफाईवाल्या दुल्सेने दिवे मालवून पुन्हा लावले.
मग त्या गोलातून निसटलेली एक बारीक रेघ दिसली,
मीच कधीतरी काढलेली, न बघता :
कामगारांचा निवृत्तिवेतन निधी, सहा टक्के.
आराखड्यात तिच्या वर काही नाही. तिथे कागद संपतो.

निधीची सभासद-यादी तळघरात असते.
ल मध्ये पान उलगडलं :
लेहतो, तोइवो, मयत. हक्क पत्नीकडे. इर्या.

सहा टक्क्यांतला एक कण, तांदळातल्या खड्याएवढा.
पण इतक्या चौकोनांत बोटाला लागलेलं
ते पहिलं माणूस होतं.

मी लगेच मालकाला फोन लावला.
मालकाचा फोन बंद होता.

म्हणून आता पत्र लिहितोय, हाताने.
तंत्रज्ञ गुरुवारी येईल असं लिहायचंय,
ते मला कुणी कळवलेलं नाही.
वर 'आदरणीय' लिहिलं, खोडलं.
टेबलावर पेन्सिल वाजवत बसलोय,
दोन लांब, एक आखूड,
आणि पलीकडच्या खुर्चीतल्याने मान वर केलीय.